हलका पडलेला हात

सुखदेव,

आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं. भांडण अर्ध्यावर सोडून उठणारा तू नव्हतास. समोरचं ताट सोडशील, पण वाद सोडणार नाहीस, असा तुझा लौकिक. दोन वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडत होतो आणि घरात तिसऱ्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता. परवा तुझी तेरवी झाली. काल जे घडलं ते ऐकायला तू हवा होतास, आणि नाहीस, म्हणून हे लिहायला बसले आहे. शाळेतल्या पोरांना मी दिवसभर हिंदीतून शिकवते, पण तुझ्याशी कधी हिंदीत बोलले नाही. आता तरी कशी बोलू?

तुझ्या जन्माची गोष्ट तू माझ्याकडूनच शंभरदा ऐकली आहेस, आता एकदा आणखी ऐक. मी नऊ वर्षांची होते. माझ्यानंतर मायला दोन मुली झाल्या होत्या आणि दोघीही, हातपाय सुजून, पांढऱ्याफटक पडून, दुसरं वर्ष लागायच्या आत गेल्या होत्या. म्हणून तू झालास तेव्हा कुणी मोठ्याने आनंदही केला नाही. तुला जन्म देऊन माय जी तापाने पडली ती महिनाभर उठली नाही. सुईण रोज येऊन तुला न्हाऊ घालून जायची, पण टाळू भरायचं काम तिने माझ्या गळ्यात घातलं. कोमट तेलाने टाळू भरायची, मग कपाळ, कानशिलं आणि नाक तळहाताने दाबून डोक्याला गोलाई आणायची, आणि मोहरीच्या उशीवर निजवायचं. आपल्याकडे सगळ्याच घरी करतात तसं. पण माझ्या हाताखाली तुझी टाळू धडधडायची. मला वाटायचं, जरा जोर दिला की बोट आत जाईल आणि तूही त्या दोघींसारखा जाशील. मी नुसता वरून हात फिरवायची. सुईणीने विचारलं की दाबलं म्हणून सांगायची.

तू चार-पाच वर्षांचा झालास आणि तुझं कपाळ पुढे यायला लागलं. दोन्ही बाजूंना दोन टेंगळं, मधे खाच. मग गालाची हाडं वर आली, नाक त्यांच्यामधे बसल्यासारखं दिसायला लागलं, आणि वरचे दात असे बाहेर आले की ओठ मिटायला तुला प्रयत्न करावा लागायचा. गावातली पोरं तुला कपाळ्या म्हणायची. एकदा तू रडत घरी आलास तेव्हा मायने मला समोर बसवून विचारलं, आणि मी रडत रडत कबूल केलं की मी दाबलं नव्हतं. माय मारणारी बाई नव्हती. ती एवढंच म्हणाली, "तुह्या हाताले वजनच नव्हतं." ते वाक्य मग घरात पाटा-वरवंट्यासारखं कायमचं राहिलं. पाहुणे आले, डॉक्टर आला, शाळेत मास्तरांनी विचारलं, की माय सांगायची, बहिणीचा हात हलका पडला. त्यात राग नसायचा. पाऊस कमी पडला असं सांगावं तसं ती सांगायची, आणि मीही मान हलवायची.

पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली त्या वर्षी तू मॅट्रिक होऊन भिलाईला आलास. तुझे भाऊजी जड यंत्रं दोरखंडांनी वर चढवणारे रिगर म्हणून आधीच इथे लागले होते आणि आमचं नवं क्वार्टर अजून चुन्याच्या वासाचं होतं. बाबा गेले होते, म्हणून मायही तुझ्याबरोबर आली. अंगमेहनत तुला झेपणार नाही हे दिसतच होतं. डोळे कायमचे पिवळसर, आणि दोन जिने चढलास की ओठ पांढरे. भाऊजींनी तुला एका ठेकेदाराच्या टूल स्टोअरमधे चिकटवलं. माणसाचं पितळी टोकन खुंटीला टांगायचं, पाना नाही तर वजन उचलायचा चेन ब्लॉक त्याच्या हातात द्यायचा, संध्याकाळी माल परत आला की टोकन परत. कुणाचा नंबर कोणता हे तुला आठ दिवसांत पाठ झालं. साऱ्या देशातून आलेली माणसं त्या खिडकीशी यायची आणि पहिल्यांदा तुझ्या कपाळाकडे बघायची. तूच मग त्यांना सांगायचास, "आप लोगों को टोप प्लांट देता है, हमको भगवान ने घर से पहना के भेजा है." ते हसायचे, तूही हसायचास. घरी येऊन पांढरी टोपी भुवयांपर्यंत ओढून बसायचास, ते मीच बघत होते.

थंडी पडली की तुझी हाडं दुखायची. पाय, कंबर, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डोकं. एका डिसेंबरात तुझा उजवा डोळा भोवतालच्या हाडासकट असा सुजला की स्टोअरमधल्या लोकांना वाटलं तू कुठे मारामारी केलीस, आणि तू ते नाकारलंही नाहीस. रविवारी तू माझ्या मांडीवर डोकं टेकवून म्हणायचास, "दाब बाई. तवा नाई दाबलं, आता त दाब." मी दाबायची. दोन्ही अंगठ्यांनी, जीव खाऊन दाबायची. तुझी थट्टा असायची, माझं प्रायश्चित्त. पण खरं सांगते, आठवड्यातली ती घटका मला हवीशी होती. माझ्या हाताने तुला बरं वाटायचं, एवढंच मला पुरे होतं.

मग तो दाताचा घोटाळा झाला. तुझा खालचा जबडा ठणकायला लागला आणि तू कुणाला न सांगता सुपेल्याच्या बाजारात चादरीवर दात मांडून बसणाऱ्या माणसाकडून दाढ उपटून आलास. चांगली, कीड न लागलेली दाढ. दुखणं तसूभर हललं नाही, उलट चार दिवसांनी तुझी हनुवटी आणि खालचा ओठ बधिर झाला. चहा पिताना चहा हनुवटीवरून गळायचा आणि तुला कळायचं नाही. माय म्हणाली, दातवाल्याने शीर तोडली. मी तुझ्या हाताला धरून दवाखान्यात नेलं.

तो तरुण डॉक्टर तुला आठवतो ना, बोलताना सारखा चष्मा पुसणारा? त्याने दात बघितलाच नाही. तुझ्या पापणीचा आतला भाग बघितला, बोटातून रक्त काढून काचेवर घेतलं, आणि डोक्याचा एक्सरे काढायला लावला. दोन दिवसांनी आपण गेलो तेव्हा त्याने तो एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला. कवटीचं हाड जिथे बोटभरही नसायला हवं तिथे ते जाडजूड दिसत होतं, आणि त्यातून बारीक रेघा उभ्या राहिल्या होत्या, अंगावर काटा आल्यावर केस राहतात तशा. त्याने आपल्याला समजेल अशा हिंदीत सांगितलं. तुझ्या रक्तातल्या पेशी गोल न राहता हँसियासारख्या, म्हणजे आपल्या विळ्यासारख्या, वाकतात. वाकलेल्या पेशी लवकर मरतात, आणि बारीक नळ्यांमधे अडकून बसतात. अडकल्या की हाडाचा तेवढा तुकडा उपाशी मरतो, तेच तुझं दुखणं, तोच जबडा, तीच बधिर हनुवटी. आणि मेलेल्यांच्या जागी नव्या पेशी घडवायला हाडांच्या आतला मगज रात्रंदिवस राबतो. त्याला जागा पुरत नाही, म्हणून तो फुगतो आणि हाडाला बाहेर ढकलतो. कपाळाला, गालाला, वरच्या जबड्याला. लहानपणी तर फारच, कारण तेव्हा हाडं कोवळी असतात.

तू ऐकून म्हणालास, "मतलब मेरे सिर में तीन शिफ्ट चल रही है." डॉक्टर हसला नाही. त्याने सांगितलं की हे आईकडून अर्धं आणि बापाकडून अर्धं येतं, दोघंही स्वतः ठणठणीत असतात, त्यांना पत्ताही नसतो. तुमच्या बाजूच्या लोकांमधे हे पुष्कळ आहे. आणखी भावंडं गेली का, असं त्याने विचारलं. मी त्या दोघींचं सांगितलं, हातपाय कसे सुजायचे ते सांगितलं, आणि त्याने नुसती मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, तुमचं आणि तुमच्या नवऱ्याचं रक्तही एकदा तपासून घ्या. यावर पक्का इलाज नाही, हे त्याने सगळ्यांत शेवटी सांगितलं.

तुझ्यासारखा माणूस मी बघितला नाही. आयुष्यभराचा आजार ऐकून आलेला माणूस, आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर येताच माझा दंड धरून म्हणतो, "बाई, तू सुटली. तुह्या हाताचा काई दोष नाई. आता घरी जातो अन् मायले सांगतो."

मी तुला त्या लाल मुरमाच्या रस्त्यात उभं केलं आणि म्हटलं, सांगायचं नाही.

तिथून भांडण सुरू झालं. माझं म्हणणं एवढंच होतं की माझ्या अंगावरून दोष काढायचा तर तो कुणाच्या तरी अंगावर जाईल. बाबा तर गेले. राहिली माय. तिला तुझं एकट्याचं कळून थांबणार नाही, ती लगेच त्या दोघींना मोजेल. तीन लेकरं माझ्याच रक्ताने नासली, असं म्हणेल आणि अन्न सोडेल. माझ्या हाताचं काय, हात मोठा झाला, त्याला सवय झाली. तू म्हणालास, दोष कुणाचाच नाही, डॉक्टरने तेच तर सांगितलं. मी म्हटलं, ते तुला कळतं, मायला कळणार नाही. तू म्हणालास, मायला तू बावळट समजतेस. मी म्हटलं, आणि तू मायला ओळखत नाहीस. शेवटी मी तुला माझी शपथ घातली. शपथा मानणारा तू नव्हतास, तरी ती पाळलीस.

त्या रविवारपासून तू "तवा नाई दाबलं" म्हणायचं सोडून दिलंस. नुसतं डोकं टेकवायचास. मला ती थट्टा आठवायची, पण तुला ते कसं सांगू?

दुर्गहून मुलीकडची माणसं आली तो दिवस मी विसरू शकत नाही. तुला लग्न करायचंच नव्हतं, डॉक्टरचं ऐकल्यापासून तर मुळीच नाही, पण मायच्या हट्टापुढे तू टोपी घालून बसलास. मुलीच्या मामाने पोहे खाता खाता तुला टोपी काढायला लावली आणि बराच वेळ बघत राहिला. विचारलं काहीच नाही. मायच घाईने म्हणाली, "जन्माचं नाई हो काई. बहिणीनं टाळू नीट नाई भरली, हात हलका पडला." दारात पोह्यांच्या ताटल्या घेऊन मी उभी होते. चार परक्या माणसांनी माझ्या हातांकडे बघितलं. तू तोंड उघडलंस, सुखदेव. मी मान हलवली आणि तू ते मिटलंस. ओठ मिटायला तुला किती कष्ट पडायचे ते मला ठाऊक आहे.

ती माणसं पुन्हा आली नाहीत. तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस, आणि बोललास ते असं, "तुले दोष वाहाची सवय पडली बाई. उतरवून ठेव म्हटलं त तुह्याच जिवावर येते. दोषाशिवाय तू कोण, हे तुले मालूमच नाई." मी तुला उद्धट म्हटलं, घरातून निघून जा म्हटलं. रात्री तू जेवायला बसलास तेव्हा वाढलंही नाही, मायने वाढलं. आज सांगते, तू खरं बोललास. चांगली बहीण होण्याचा मला तो एकच रस्ता सापडला होता, आणि तो तू बुजवायला निघाला होतास.

आणि दुसरंही तुझंच बरोबर होतं. रक्त तपास, रक्त तपास म्हणून तू मागे लागला होतास. पहिली पोर धडधाकट आहे, भाऊजींना काम असतं, पुढच्या महिन्यात बघू, असं करत मी दोन वर्षं ढकलली. खरं कारण असं की मी रक्त द्यायला गेले असते तर मायने विचारलं असतं, कशाला. आता मला सहावा महिना आहे. तुझे भाऊजी माझ्याच तालुक्यातले, डॉक्टर म्हणाला त्याच बाजूचे.

या पौषात तुझ्या छातीत दुखायला लागलं. तीन दिवस दवाखान्यात माय तुझ्या पायाशी बसून होती, म्हणून आपल्याला काही बोलता आलं नाही. मी वाट बघत होते की तू डोळ्यांनी तरी एकदा विचारशील, आता सांगू का. तू विचारलं नाहीस. मी चमच्याने पाणी पाजलं ते हनुवटीवरून गळ्यावर गेलं, आणि मी पुसायला लागले तेव्हा तुला कळलं. "सांडलं का, बाई?" एवढंच तू माझ्याशी शेवटचं बोललास. मी नाही म्हटलं.

आता कालचं सांगते.

तेरवीचे पाहुणे सकाळच्या गाडीने गेले. दुपारी माय सूप घेऊन बसली. मला वाटलं तांदूळ निवडते आहे. जवळ गेले तर मोहरी. शेजारी धुतलेल्या धोतराचा चौकोनी तुकडा, सुई-दोरा. ती मान वर न करता म्हणाली, "या खेपेले लेकरू तुह्या हाती नाई देत मी. डोकं मीच पाहीन. एक गेला तेवढा पुरे."

मी तिथेच खाली बसले. दोन वर्षांत मी तुझ्यासमोर जितकी कारणं मांडली त्यातलं एकही मला आठवेना. ती माउली दोन महिने त्या पोराचं कपाळ दाबत बसणार, आणि आतून हाड फुगायचं असेल तर फुगणार, आणि मग आयुष्यभर ती स्वतःच्या हातांना काय म्हणेल? मी सांगितलं, सुखदेव. एक्सरे, हँसिया, मगज, सगळं. डॉक्टरने सांगितलं त्याच क्रमाने सांगितलं, शाळेत धडा सांगावा तसं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात मला ते जमलं नसतं. अर्धं तुझ्याकडून आणि अर्धं बाबांकडून, हेही सांगितलं. दोष कुणाचाच नाही, हे तुझं वाक्य मी तीनदा म्हटलं.

मायचा हात मोहरीत तसाच राहिला. तिने विचारलं, "मंग त्या दोघी बी?"

मी हो म्हटलं.

ती रडली नाही. तिने सूप बाजूला सारलं आणि माझे दोन्ही हात घेऊन उलटेपालटे करून बघितले, विकत घ्यायची वस्तू बघावी तसे. म्हणाली, "बावीस वर्ष बोल लावला तुले. तू कावून नाई बोलली?" याचं उत्तर तूच देऊन ठेवलं होतंस, पण मायला ते कसं सांगायचं?

संध्याकाळपर्यंत ती भिंतीला टेकून बसली. अन्नाला शिवली नाही, माझं तेवढं खरं ठरलं. सोमवारी मी आणि तुझे भाऊजी रक्त द्यायला जाणार आहोत. काय निघेल ते निघेल, पोटातल्यासाठी आता फार उशीर झाला आहे. हे मी तुझ्यापाशी कबूल करते. दुसऱ्या कुणापाशी मला ते जमणार नाही.

दिवेलागणीला मायने एकदम विचारलं, "त्याले मालूम होतं?"

"होतं," मी म्हटलं.

"कवापासून?"

"दोन वर्षं झाली."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आतून आवाज आला, "दोन वर्ष. माह्याच रक्तानं नासलो हे मालूम असून माह्याच हातचं जेवला. एक शब्द नाई बोलला मले. केवढं काळीज होतं माह्या पोराचं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. तू बोलणारच होतास, रोज बोलणार होतास, आणि तुझं तोंड मी धरून ठेवलं होतं, हे तिला सांगितलं नाही. तेवढं तिला तुझं म्हणूनच राहू दे.